वडिलांच्या लॉगिनमधला पत्ता

यशस्विनीचं ऑफिस हिनकलला, हुणसूर रस्त्यावरच्या एका टायरच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर आहे. कंपनी लहान. शाळांसाठी सॉफ्टवेअर करते: हजेरी, मार्क, फी, बस आणि मुलांच्या माहितीचा फॉर्म. हा फॉर्म यशस्विनीकडे असतो. ती कुवेंपुनगरला आईवडिलांबरोबर राहते, रिंग रोडनं स्कूटरवर जाते-येते, आणि तिशी ओलांडली तरी लग्नाचा विषय निघाला की गच्चीवर कपडे काढायला जाते, कपडे वाळत घातलेले असोत वा नसोत.

वडील मालोजीराव सिटी बस चालवून निवृत्त झाले. त्यांचे कुणी पूर्वज इथल्या महाराजांच्या घोडदळात होते म्हणे. त्याची खूण म्हणून नावापुढचा राव तेवढा उरला आहे. बाहेर सगळं कन्नड, घरात मराठीच बोलतात, पण ती मराठी पुण्याच्या माणसानं ऐकली तर मधेमधे थांबून बघत राहील. आई वनजा तर मराठीत सुरू केलेलं वाक्य कन्नडात संपवते आणि आपण भाषा बदलली हे तिच्या गावीही नसतं.

आईनं एकदा विचारलं होतं, "तू तिकडं करतेस काय गं नेमकं? शेजारच्यांनी विचारलं तर मी सुम्ने, उगाच, कंप्युटर कंप्युटर म्हणते."

यशस्विनीनं सांगितलं, "फॉर्म एकच असतो आई. टीचरनं उघडला तर मार्क लिहिता येतात, फी दिसत नाही. ऑफिसच्या क्लार्कनं उघडला तर फी लिहिता येते, मार्क नुसते बघता येतात. आईबापांनी उघडला तर सगळं दिसतं, पण काही बदलता येत नाही. कोण आलाय ते बघून कुठला रकाना उघडा, कुठला बंद, ते मी ठरवते."

"तू ठरवतेस?"

"शाळा ठरवते. मी बसवते."

आईचं समाधान झालं. शेजारच्यांना तिनं काय सांगितलं ते कळलं नाही.

त्या वर्षी एका शाळेनं वेगळीच मागणी केली. शाळेच्या मुख्याध्यापिका नागरत्ना मॅडम स्वतः फोनवर बोलल्या. दुसरीतली एक मुलगी होती, इंचरा. तिचे आईवडील वेगळे झाले होते. वडील मारायचे, म्हणून आई मुलीला घेऊन निघून गेली होती. कोर्टानं वडिलांना मुलीचे मार्क आणि हजेरी बघायची परवानगी दिली होती. आईचा नवा पत्ता आणि फोन मात्र त्यांना कळता कामा नये. इतर मुलांच्या बाबतीत आई आणि वडील दोघांना सारखंच दिसायचं. इंचराच्या फॉर्ममध्ये वडिलांचं लॉगिन वेगळं करायला हवं होतं.

यशस्विनीनं ते केलं. वडिलांनी फॉर्म उघडला की पत्त्याचा आणि फोनचा रकाना पडद्यावरून नाहीसा व्हायचा. पण हे अर्धंच काम होतं. पडद्यावर रकाना झाकणं वेगळं आणि ती माहिती सर्व्हरनं मुळात पाठवणंच बंद करणं वेगळं. सर्व्हरचा भाग शरतकडे होता आणि शरत त्याच आठवड्यात नोकरी सोडून बेंगळुरूला गेला. सोमवारी नव्या शाळांना सगळं करून दाखवायचं होतं. यशस्विनी कंपनीचे मालक विजयेंद्र यांच्याकडे गेली आणि म्हणाली, "सर, सर्व्हरवरूनही बंद करायला पाहिजे. आता नुसतं झाकलंय."

विजयेंद्र एका हातात फोन धरून दुसऱ्या हातानं काहीतरी टाइप करत होते. "दिसतं का त्याला?"

"दिसत नाही."

"मग सोमवार होऊ दे. नंतर करू."

सोमवार झाला. मग परीक्षा आल्या, मार्कांचे फॉर्म आले, बसच्या नव्या मार्गांचं काम आलं. विजयेंद्र विसरले. यशस्विनी विसरली नव्हती, अगदी खरं सांगायचं तर. कधीतरी दात घासताना आठवायचं, ऑफिसात पोचेपर्यंत दुसरं काहीतरी पुढे यायचं.

पावसाळ्याच्या सुरुवातीला एका दुपारी विजयेंद्र आपल्या केबिनमधून बाहेर आले आणि तिच्या टेबलाशी उभे राहिले. एरवी ते आतूनच हाक मारायचे.

"त्या इंचराच्या वडिलांना पत्ता दिसतो का गं?"

"नाही सर. झाकलाय." हे म्हणतानाच तिला कळलं.

तिनं वडिलांचं लॉगिन लावून फॉर्म उघडला. पडद्यावर पत्त्याचा रकाना नव्हता. जन्मतारीख, रक्तगट आणि लगेच खाली बसचा थांबा. मग तिनं एक कळ दाबली. त्या कळीनं ब्राउझरमध्ये पानाची मागची बाजू उघडते, त्याला फार काही यावं लागत नाही. सर्व्हरनं जे जे पाठवलं होतं ते तिथं ओळीनं होतं. रक्तगट आणि बसचा थांबा यांच्या मध्ये पावनीचा पत्ता होता: अग्रहार भागातली गल्ली, घराचा नंबर, वरचा मजला.

पावनी म्हणजे इंचराची आई. हे नाव यशस्विनीनं पूर्वीही पाहिलं होतं, पण ते रकान्यातलं नाव होतं.

विजयेंद्र खुर्ची ओढून बसले. "काल तो तिच्या घरी गेला. मुलगी शाळेतून आली होती, दार उघडं होतं. पावनीचा हात मोडलाय. डोक्याला टाके आहेत. खालच्या दुकानातली माणसं वर गेली म्हणून सुटली. पोलिसांनी धरलंय त्याला."

"ठीक आहे," यशस्विनी म्हणाली.

विजयेंद्रांनी तिच्याकडे पाहिलं. ती पडद्याकडे बघत होती. पुढे बरेच दिवस तिला आपलं ते "ठीक आहे" आठवत राहिलं. त्या वेळी मात्र काहीच वाटलं नाही. तिनं शरतनं लिहिलेला भाग उघडला. माहिती पाठवण्याआधी कोण मागतोय ते बघायचं. मागणारा या मुलीचा बाप असेल तर पत्ता आणि फोन काढून टाकून उरलेलं पाठवायचं. थोड्याशा ओळी. समोरचा चहा कोमट होता तोवर झालंही. परत वडिलांचं लॉगिन लावून बघितलं, परत कळ दाबली. रक्तगटानंतर थेट बसचा थांबा आला. तिनं कप धुवून ठेवला आणि मार्कांच्या फॉर्मचं राहिलेलं काम हातात घेतलं.

संध्याकाळी घरी गेली. जेवली. आईनं काहीतरी विचारलं त्याला उत्तर दिलं. मालोजीराव टीव्हीसमोरून म्हणाले, "एनु गं, काय झालं, चेहरा का असा?"

"काही नाही पप्पा. ऊन होतं."

ऊन नव्हतं, दिवसभर आभाळ भरलेलं होतं. मालोजीरावांनी ताणलं नाही. ती झोपली आणि तिला गाढ झोप लागली. हेच तिला नंतर सगळ्यात वाईट वाटलं, म्हणजे वाटायला पाहिजे होतं असं वाटलं.

दोन-तीन दिवसांनी शाळेनं लेखी खुलासा मागितला. विजयेंद्रांनी तो यशस्विनीला लिहायला सांगितला. तिनं लिहिलं की पत्ता पडद्यावर झाकलेला होता, पण सर्व्हर तो वडिलांच्या लॉगिनवर पाठवत होता. पाठवायला नको होता. आणि हे राहिलंय हे आम्हाला माहीत होतं.

विजयेंद्रांनी ते दोनदा वाचलं. ते वाईट गृहस्थ नव्हते. पगार कधी थकवले नव्हते, कुणाच्या घरी आजारपण असलं तर स्वतः डबा घेऊन जायचे. ते म्हणाले, "पत्त्याचा रकाना वडिलांच्या पडद्यावर दिसत नव्हता, एवढंच ठेव. खोटं आहे का ते?"

"खोटं नाही."

"मग? पुढचं लिहिलं तर बाकीच्या शाळा जातील. इथं माणसं किती आहेत बघ. पुरावाही नाही आपल्याकडे, त्यानं तिथूनच घेतला म्हणून."

"त्यानं फॉर्म पुन्हा पुन्हा उघडलाय, सर. आदल्या आठवड्यात. नोंद आहे."

"मार्क बघायला उघडला असेल."

यशस्विनीला वाद घालता आला असता. वाद घालायला जे लागतं ते आत कुठेच सापडेना. विजयेंद्रांनी खालच्या ओळी काढल्या आणि खुलासा पाठवून दिला.

त्यानंतर आठवड्याभरात नागरत्ना मॅडमचा फोन आला, तोही दुसऱ्याच कामासाठी. बसच्या वेळा चुकीच्या दिसत होत्या. यशस्विनीनं त्या नीट केल्या. मॅडम फोन ठेवणार, तेवढ्यात तिनं विचारलं, "इंचराची आई कशी आहे?"

"घरी आलीय. घरी म्हणजे दुसरीकडेच, त्या घरात नाही. मुलगी बोलत नाही फारशी. आणि आई भावाशी भांडून बसलीय."

"कुणाच्या?"

"स्वतःच्या. चिदंबर म्हणून मोठा भाऊ आहे. पत्ता फक्त त्यालाच ठाऊक होता. तो आधीपासून म्हणायचा, नवऱ्याशी जुळवून घे, मुलीला बाप पाहिजे. म्हणजे त्यानंच दिला असणार, अल्वा, नाही का? तिनं त्याचा नंबरच काढून टाकलाय. तो शाळेत येऊन बसला होता माझ्यासमोर. रडत होता. मी तरी काय सांगू? तुमचं पत्र आलंय की ॲपमध्ये दिसत नव्हता."

यशस्विनीनं फोन ठेवला. टायरच्या दुकानात खाली कुणीतरी रिम रस्त्यावर आपटत होतं. ती ते ऐकत बसली. मग तिनं नागरत्ना मॅडमना परत फोन लावला आणि म्हणाली, "मॅडम, मला पावनींना भेटायचंय. पाच मिनिटं. त्यांना चालत असेल तर."

पावनी कुठे राहते हे तिला बघता आलं असतं. नवा पत्ताही त्याच फॉर्ममध्ये भरला गेला असणार, आणि यशस्विनीच्या लॉगिनला सगळेच रकाने उघडे असतात. तिनं तो फॉर्म उघडला नाही. पावनीनं हो म्हणेपर्यंत थांबली. होकार यायला बरेच दिवस लागले.

भेट शाळेत झाली, ऑफिसशेजारच्या खोलीत, जिथं क्रीडादिनाचे झेंडे आणि ढोल ठेवलेले असतात. पावनी यशस्विनीच्याच वयाची होती. हात प्लास्टरमध्ये, केस एका बाजूनं कापलेले, तिथं टाक्यांची रेघ. बँकेत नोकरी करायची, सध्या रजेवर होती. इंचरा बाहेर व्हरांड्यात बाकावर बसली होती. दार उघडं ठेवायला पावनीनं सांगितलं.

यशस्विनीनं कन्नडात सुरुवात केली. वाक्यं तिनं येताना जुळवली होती, त्यामुळे ती कुणा दुसऱ्याचीच वाटत होती. मधेच तिचा फोन वाजला. "आई, नंतर करते गं, मी भायेर आहे," असं म्हणून तिनं तो बंद केला.

"तुम्ही मराठी?" पावनीनं विचारलं.

"हो. म्हणजे घरात."

"आम्ही पण," पावनी म्हणाली. तिची मराठी वेगळी होती, जास्त नीट, पोथ्या वाचणाऱ्या घरातली. "मग मराठीतच सांगा. कन्नडात सगळे माझी समजूत घालायलाच येतात."

मराठीत यशस्विनीकडे जुळवलेली वाक्यं नव्हती. शब्दही थोडेच होते. त्यामुळे तिला सरळ सांगावं लागलं.

"तुमचा पत्ता तुमच्या भावानं दिला नाही. आमच्या फॉर्ममधून गेला. पडद्यावर दिसत नव्हता, पण मागं होता. तो फॉर्म मी केला."

तिनं पिशवीतून लॅपटॉप बाहेर काढला. "कसं झालं ते दाखवू?"

"दाखवा."

यशस्विनीनं लॅपटॉप उघडला. जुनी आवृत्ती तिनं आणली होती, एका खोट्या मुलीच्या खोट्या माहितीसकट. फॉर्म दाखवला. कळ दाबली. ओळी दाखवल्या. पावनी वाकून बघत होती, बँकेत सही पडताळून बघावी तशी.

"एवढंच?" ती म्हणाली.

"एवढंच."

"इंचराचा बाप कंप्युटर दुरुस्तीचंच काम करतो."

"हो."

"तुम्हाला माहीत होतं का हे असं राहिलंय म्हणून?"

"हो," यशस्विनी म्हणाली. "राहिलं होतं. नंतर करायचं होतं."

पावनी बराच वेळ झेंड्यांच्या काठ्यांकडे बघत राहिली. यशस्विनीला वाटलं, आता ही ओरडेल. ओरडली असती तर बरं झालं असतं. पावनी ओरडली नाही. तिच्याही आत कुठलंसं बटण बंद झालेलं असावं.

"म्हणजे अण्णा नव्हता," ती म्हणाली.

"नाही."

"मी त्याला काय काय बोलले." मग थोड्या वेळानं, "त्याच्या मुलांसमोर बोलले."

बाहेर इंचरा चप्पल जमिनीवर घासत होती. पावनी उठली. दारात थांबून म्हणाली, "तुम्ही आलात ते बरं केलंत, असं मी म्हणणार नाही."

"नका म्हणू."

"हे लिहून द्याल?"

यशस्विनीनं तिथंच लिहून दिलं, शाळेच्या कागदावर, मराठी लिहिता येत नसल्यानं इंग्रजीत. विजयेंद्रांनी काढलेल्या ओळी तेवढ्या पुन्हा लिहिल्या आणि खाली स्वतःचं नाव घातलं. एक प्रत नागरत्ना मॅडमनी ठेवून घेतली.

दुसऱ्या दिवशी तिनं विजयेंद्रांना सांगितलं. त्यांचा चेहरा उतरला. "मला विचारायचंस तरी."

"तुम्ही नाही म्हणाला असतात, सर."

"म्हणालो असतो." ते खिडकीकडे वळले. "पण विचारायचंस."

ती शाळा कंपनीला सोडून गेली. तिच्या ओळखीनं आलेली दुसरीही गेली. पावनीच्या वकिलाची नोटीस आली, तिचं उत्तर विजयेंद्रांनी दिलं आणि या वेळी त्यात सगळं कबूल केलं, कारण आता दुसरं काही म्हणता येत नव्हतं. पावनीचा दवाखान्याचा खर्च कंपनीनं दिला. यशस्विनीला कुणी काढलं नाही. ऑफिसातले लोक तिच्याशी थोडं जपून बोलू लागले. कुणी कामचुकार म्हणून जपून बोलत होतं की कुणी फितूर म्हणून, ते तिला कळलं नाही आणि तिनं शोधही घेतला नाही.

पुढचे काही महिने तिनं एकच काम केलं. कंपनीचा प्रत्येक फॉर्म उघडला. प्रत्येक प्रकारच्या माणसाचं लॉगिन लावलं: टीचर, क्लार्क, बसचा ड्रायव्हर, आई, बाप, आजोबा. प्रत्येक वेळी कळ दाबून मागची बाजू बघितली. पुष्कळ ठिकाणी तेच निघालं. बसच्या ड्रायव्हरच्या पडद्यावर मुलांचे फक्त थांबे दिसत, पण मागून त्यांच्या आजारांची माहिती जात होती. टीचरच्या पडद्यामागे घरचं उत्पन्न जात होतं. उलट बाजूही बघितली: पडद्यावर लिहायला बंद असलेला रकाना मागून बदलून पाठवला तर सर्व्हर तो मुकाट्यानं घेतो का? घेत होता. तिनं एकेक सर्व्हरवरून बंद केलं. नव्या मुलानं काही झाकलं की ती शांतपणे विचारायची, "झाकलंस की बंद केलंस?" तिच्या आवाजात राग नसायचा. काहीच नसायचं.

घरी वनजानं तिच्यासाठी नवस बोलून पाहिला, चामुंडीच्या देवळात जाऊन आली. मालोजीराव एकदा गच्चीवर तिच्याजवळ येऊन उभे राहिले. तिनं आईला सांगितलेलं सगळं त्यांच्यापर्यंत पोचलं होतं.

"माझ्या बसखाली एकदा एक जण आला होता," ते म्हणाले. "जगला तो. पाय गेला. तुला सांगितलं नाही कधी."

"मग काय केलंत पप्पा?"

"दुसऱ्या दिवशी तीच बस चालवली. काय करणार? साहेब म्हणाले, चालव." त्यांनी दोरीवरचा एक चिमटा काढला. "बरेच दिवस हॉर्न वाजवताना कानाला ऐकूच येत नव्हता. लोक सांगायचे, वाजतोय म्हणून."

मग दोघं खाली आली.

डिसेंबरात एका अनोळखी नंबरवरून फोन आला. पावनी होती. नंबर नागरत्ना मॅडमकडून घेतला होता. इंचराला नव्या शाळेत घातलं होतं, तिथं दुसऱ्या कुठल्यातरी कंपनीचं सॉफ्टवेअर होतं, आणि खटला चालू असला तरी कोर्टाची परवानगी अजून तशीच होती. वडिलांना मार्क दिसणार होते.

"त्यांना नेमकं काय विचारू?" पावनीनं विचारलं. "ते म्हणतात, दिसणार नाही, दिसणार नाही. ते तर तुम्हीही म्हणत होता."

यशस्विनी ऑफिसच्या जिन्यात जाऊन बसली. "दिसतो का, असं विचारू नका. विचारा, त्याच्या लॉगिनला पत्ता पाठवता का. हो-नाही लेखी घ्या. आणि म्हणा, तुमच्यासमोर त्याचं लॉगिन लावून मागची बाजू दाखवा. कुठली कळ ते मी सांगते."

पावनीनं लिहून घेतलं. मग म्हणाली, "पत्ता मी भरलाच नाही तर चालेल?"

"चालायला पाहिजे. शाळेचाच पत्ता घाला. बसचा थांबा पण जवळचा नको, पुढचा द्या. त्यावरूनही शोधता येतं."

"हे सुचलं नव्हतं."

"तुमचे अण्णा?" यशस्विनीनं विचारलं.

"येतो. रविवारी येतो, इंचराला घेऊन फिरतो. माझ्याशी नीट बोलतो. फार नीट बोलतो, परक्याशी बोलावं तसं." मग म्हणाली, "त्यानं सांगितलं नव्हतं, पण तो सांगेल असं मला वाटलं होतं, हे त्याला कळलंय ना आता. ते कुठं जातं?"

पावनीनं उत्तरासाठी फोन केला नव्हता. तिनं फोन ठेवला.

त्याच आठवड्यात की पुढच्या, यशस्विनी आईचं औषध आणायला अग्रहारला, पावनीच्या जुन्या घराच्या बाजूला, गेली होती. परतताना एका वळणावर एका मोटारवाल्यानं हात न दाखवता तिच्या स्कूटरला घासून गाडी डावीकडे घेतली. ती पडली नाही. पण तिनं स्कूटर तिथंच आडवी लावली आणि भर रस्त्यात त्या माणसाला कन्नडात शिव्या घातल्या. आवाज चढत चढत चिरकला. माणसं थांबली. मोटारवाला काच खाली करून "सॉरी मेडम, सॉरी" म्हणत राहिला, फुलवाली बाई टोपली सोडून उठून आली आणि तिचा दंड धरून म्हणाली, "साकु बिडम्मा, जाऊ दे त्याला."

मोटार निघून गेली. यशस्विनीनं स्कूटर कडेला घेतली. ती फूटपाथच्या कडेला, फुलवालीच्या शेजारी, रहदारीकडे तोंड करून बसली. बाई गजरे ओवत राहिली. बऱ्याच वेळानं यशस्विनी उठली, औषधाची पिशवी उचलली, आणि स्कूटर सुरू करण्याआधी रडायला लागली.